चादरीचं दुसरं टोक

६ नोव्हेंबर

सकाळपासून टेबलाशी बसलो आहे आणि प्रस्तावनेचं पहिलंच वाक्य लिहितो आहे, खोडतो आहे. प्रदर्शनवाल्या बाई म्हणतात, "तुमच्या शब्दांत लिहा, अगदी सहज." सहज! ज्याने शब्द टाळण्यासाठी जन्मभर कॅमेऱ्याआड तोंड लपवलं, त्याला सांगतात सहज लिहा.

शाळेत मात्र शब्दांचं वेड होतं. मास्तर कविता म्हणताना छडीने टेबलावर ताल धरायचे, लगागा लगागा, आणि माझी मान डोलायला लागायची. ती पुढे गणिताच्या तासालाही डोलायची, त्याचा मार वेगळा. मग तरुणपणी कॅमेरा घेऊन इस्पितळाच्या लाँड्रीत पहिल्यांदा पाऊल टाकलं, तर इस्त्रीचे ते अजस्र रूळ नेमके त्याच चालीवर फिरत होते. वाटलं, मास्तर इथे येऊन बसले आहेत. तिथेच अडकलो. उमेदीची सगळी वर्षं त्या वाफेत, ओल्या चादरींच्या वासात गेली. माझ्या त्या कामाला लोक 'वाफ' म्हणतात, आणि ज्यांना 'वाफ' माहीत नाही त्यांनाही त्यातला एक फोटो माहीत असतो. 'डावरी'. वाफेतून वर आलेला एका बाईचा डावा हात, मुठीत चादरीचं टोक, मागे झुकलेली लांब मान. चेहरा निम्मा विरघळलेला. मी मेल्यावर माझ्याविषयी दोन ओळी आल्या, तर त्यातली एक या फोटोवर असेल आणि दुसरीत माझं वय असेल.

महिनाअखेरीला प्रदर्शन. एक अख्खी भिंत 'डावरी'ला. आणि दरवाजा उघडणार खुद्द डावरी, जी आता माझ्याइतकीच म्हातारी आहे. ही कल्पना माझी. आनंद व्हायला हवा. होतोही. पण पायाला भिंगरी लागल्यासारखा या खोलीतून त्या खोलीत फिरतो आहे.

आमची ही म्हणाली, "सगळं आयुष्य लोकांकडे बघत उभे राहिलात. आता बसा की."

बसवत नाही.

९ नोव्हेंबर

झालं ते सरळ लिहून काढतो, म्हणजे डोक्यात घोंगावणार नाही.

भिंतभर प्रिंट करायचा म्हणून बाईंनी मूळ निगेटिव्ह मागितली. ती मी फोटो काढला त्या आठवड्यानंतर कधी बाहेर काढलीच नव्हती. पहिला प्रिंट घाईत केला होता, मासिकवाला दारात उभा होता. त्याच धांदलीत निगेटिव्हवर ओरखडा पडला, म्हणून त्या प्रिंटचाच फोटो काढून दुसरी निगेटिव्ह तयार केली, आणि पुढचे सगळे प्रिंट त्या दुसरीवरून. आज पाकीट उघडून मूळ पट्टी उजेडावर धरली. काठावरचे आकडे सरळ दिसत होते. आकडे सरळ, म्हणजे पट्टी सरळ. आणि फोटोतल्या बाईने उचललेला हात उजवा.

पट्टी फिरवली. हात डावा झाला, आकडे उलटे झाले.

फिल्मला एक चकचकीत बाजू असते, एक मंद. कुठली खाली ठेवायची हे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी शिकवतात. त्या दिवशी घाईत मी ती उलटी घातली. बस, एवढंच. चित्रात घड्याळ नाही, पाटी नाही, एक अक्षर नाही, नुसती वाफ. उलटं झालेलं कळणार कसं? आणि मग तो डावा हात पाहून मी भारावलो, नाव ठेवलं 'डावरी', आणि पुढच्या वर्षी प्रिंट घेऊन लाँड्रीत गेलो. सगळ्या जणी एकसारखे पांढरे कोट आणि टोप्या घालायच्या, वाफेत मला कोण कुठली ते कधीच कळायचं नाही. विचारलं, इथे डावरी कोण? सगळ्यांनी एकीकडेच बोट दाखवलं. डावरी एकच होती. तिने कोटाला हात पुसले, फोटो घेतला, उजेडाकडे धरला. मग एवढंच म्हणाली, "मला द्या." मला वाटलं, आनंदाने शब्द फुटत नसतील.

म्हणजे ती फोटोतली बाई नाहीच. आणि ही गोष्ट तिला ठाऊक नाही. इतकी वर्षं तिच्या घरात दुसरीच कोणी लटकते आहे.

हिला सांगितलं. ही शांतपणे बटाटे सोलत होती. म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, कोटाची बटणं पुरुषांसारखी लागलीत."

"आणि मी काय म्हणालो होतो?"

"म्हणालात, तू शिवणाचं बघ, फोटोचं मी बघतो."

१० नोव्हेंबर

काही सुचत नाही. प्रस्तावनेचा कागद पालथा घालून ठेवला आहे. त्यावर परवा मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'मी कधी खोटं छापलं नाही.'

१३ नोव्हेंबर

बाई आल्या होत्या. हुशार आहेत, चटपटीत आहेत, चहा उभ्यानेच पितात. मी पट्टी दाखवली. त्यांनी ती उजेडावर धरली, उलटसुलट केली आणि हसल्याच.

"केवढी मजेशीर गोष्ट आहे!"

"मजेशीर?"

"हे बघा, जगाने जो फोटो पाहिला तो हा. डावा. तोच फोटो खरा झालाय आता. आणि पोस्टर छापून झालीत, रस्त्यावर लागलीत. आजोबा, आरशातलं तोंड आपलंच असतं ना?"

मला आजोबा म्हणतात. राग येत नाही, पण उत्तर द्यायचं राहून जातं.

"आणि तिचं काय?" मी म्हटलं. "दरवाजा उघडायला येणार ती."

"त्यांचं काय? त्यांना आनंदच आहे. तुम्ही सांगितलं नाहीत, तर कुणाचं काय बिघडतं? सांगितलंत, तर त्या बिचाऱ्या म्हातारीकडून तिचा फोटो काढून घ्याल. या वयात." दाराशी जाऊन वळल्या. "विचार करा. पण लवकर करा. शुक्रवारपर्यंत प्रिंट करायला टाकावा लागेल."

गेल्यावर ही म्हणाली, "पोरगी बोलते छान."

"मग तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? मी शिवणाचं बघते."

१४ नोव्हेंबर

बाईंचं पटतंय असं वाटलं की उठून खिडकीशी जातो. तिथे समोरच पोस्टर आहे. त्यावरचा डावा हात बघितला की पटेनासं होतं. परत येऊन बसलो की पुन्हा पटतं. दिवस असाच गेला. संध्याकाळी ठरवलं, उद्या जायचं. सांगायचं. जे होईल ते होईल.

१५ नोव्हेंबर

गेलो. सांगितलं नाही.

एका अरुंद जिन्याच्या वर दोन खोल्या. सुनेने दार उघडलं, "सासूबाई, तुमचे फोटोवाले आले!" असं ओरडून ती कामाला निघून गेली. डावरी खिडकीशी बसली होती, गळ्याला मफलर गुंडाळून. फोटो समोरच्या भिंतीवर. पलंगावरून उठता-बसता दिसेल असा. काच लखलखीत पुसलेली.

"या. वाळलात. बायको जेवायला घालत नाही?"

"घालते. लागत नाही अंगाला."

"मग काळजी करत असाल. बसा. नाही, तिथे नको, तिच्यासमोर येता तुम्ही."

फोटोविषयी ती नेहमी असंच बोलते. 'ती'. तिला ऊन लागतं, ती कालपासून जरा तिरकी झालीय. मला हे फार आवडतं. स्वतःकडे लांबून बघायची ही रीत कवितेतच सापडते, आणि या बाईला ती कुणी न शिकवता येते. प्रस्तावनेत लिहायला हवं होतं. आता काय लिहायचं म्हणा.

मी सुरुवात केली, "ताई, त्या फोटोबद्दल जरा..."

"भिंतीएवढा करताय म्हणे. मग मान नीट दिसेल?"

"दिसेल."

"कानाखाली एक तीळ आहे. तो ठळक येईल?"

मी म्हटलं, बघू. मफलरमुळे तिच्या मानेवरचा तीळ काही दिसला नाही. म्हातारपणी माणसाला आपल्या रूपाचे असे बारीकसारीक लोभ सुटतात, मला तर माझ्या केसांची अजून आठवण येते.

मग लाँड्रीच्या गोष्टी निघाल्या. चादरीची घडी दोघींनी घालायची असते, समोरासमोर उभं राहून. डावरीबरोबर कोणी टिकायची नाही. उजव्या हाताच्या बायका तिलाही उजवा हात वापरायला लावायच्या, तो तिला वळायचा नाही, चादरीला पीळ बसायचा आणि मुकादम ओरडायचा. शेवटी एक लांबोडकी पोरगी आली. मान अशी उंच की सगळ्या तिला बगळी म्हणायच्या.

"मला म्हणाली, तू तुझ्या हाताने घे, मी माझ्या हाताने घेते, बघू काय होतं ते. आणि जमलं की हो! समोरासमोर उभं राहिलं की तिचा उजवा आणि माझा डावा एकाच अंगाला. दोघी पुढे यायचो, टोकं जुळायची, तिच्या हातातलं माझ्या हातात. मागे जायचं, परत यायचं. लोक बघत उभे राहायचे."

"मग ती कुठे असते आता?"

डावरीने मफलर नीट केला. "छाती भरली तिची. सगळ्या वाफेतच की आम्ही. तुम्ही फोटो घेऊन आलात ना, त्याच्या आधीच्या थंडीत गेली." मग म्हणाली, "फोटोबिटो कधी काढलाच नव्हता तिचा कोणी. त्या काळी कोण काढतंय."

मी म्हटलं, काळच तसा होता. मैत्रिणीच्या आठवणीने ती हळवी झाली होती, अशा वेळी माझं रडगाणं कुठे काढायचं? चहा प्यालो, उठलो. जिना उतरताना स्वतःची लाज वाटत होती. भित्रा माणूस.

१७ नोव्हेंबर

न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून मूळ निगेटिव्हवरून सरळ प्रिंट केला. डोळे साथ देत नाहीत, पण हात विसरले नाहीत. कुठलीही काटछाट न करता पूर्ण चौकट घेतली, आधी अख्खं बघावं म्हणून.

औषधाच्या पाण्यात चित्र वर आलं. परकी बाई. जिच्याबरोबर माझं नाव घेतलं जातं ती ही नव्हेच. आपलीच पाठ केलेली कविता कोणी शेवटच्या शब्दापासून उलटी म्हणून दाखवावी, तसं झालं. कोण असेल? लाँड्रीत बायका पुष्कळ. आता शोधणार तरी कुठे.

ही आत आली, प्रिंट बघत उभी राहिली. "देखणी होती," म्हणाली. मग, "डावरीला दाखवा."

"तिला धक्का बसेल."

"दाखवा तरी. तुम्ही काय बोललात तिच्याशी परवा, ते मला पुन्हा सांगा."

मी सगळं सांगितलं, बगळीचं, तिळाचं. ही ऐकत होती. मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी उगाचच चष्मा पुसला.

"उद्याच जा," म्हणाली. "आणि तोंडाने काही बोलू नका. नुसता प्रिंट हातात द्या."

१८ नोव्हेंबर

हिचं ऐकलं. न बोलता प्रिंट दिला.

डावरीने तो खिडकीशी नेला. पाठ माझ्याकडे. मी उभ्या उभ्या मनात वाक्यं जुळवत होतो, की ताई, चूक माझी, तुमचा काही दोष नाही, वगैरे.

"सरळ केलीत तिला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तीळ उजवीकडे होता. तुम्ही आणून दिलीत तेव्हा डावीकडे गेला होता. म्हटलं, असू दे. आली हेच खूप."

मी फोटोसमोरच्या त्या निषिद्ध खुर्चीवर बसलो. आज तिने उठवलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज आठ तास जिच्यासमोर उभी राहिले, तिचा हात ओळखणार नाही मी?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, अरेच्चा, मग हिच्या घरच्यांना द्यायला हवा. होते तिचे घरचे. त्यांनी कुठे टाकला असता कोण जाणे." मग माझ्याकडे वळली. डोळे ओले होते पण आवाज रोजचाच, खडखडीत. "तुम्ही विचारलंत, डावरी कोण? म्हटलं, मी. खोटं कुठे बोलले?"

मला हसू आलं. तीही हसली आणि पुन्हा प्रिंटकडे बघू लागली. हसता हसता मधेच थांबली. प्रिंट डोळ्यांशी नेला.

"हे काय आहे?"

डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, फिकट काहीतरी होतं. मासिकासाठी केलेल्या पहिल्या प्रिंटपासून मी तो कोपरा कापत आलो आहे. नजर अडते तिथे, असं वाटायचं. माझं भिंग तिला दिलं. तिने ते बराच वेळ धरून ठेवलं. मग भिंग खाली ठेवलं, आपला डावा हात उचलून प्रिंटशेजारी धरला. अंगठ्याचं नख मधून दुभंगलेलं. रुळात सापडलं होतं म्हणे, लग्नाच्या वर्षी, तेव्हापासून तसंच उगवतं. प्रिंटमधल्या अंगठ्याचंही नख तसंच.

"दुसरं टोक माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही माझ्या खांद्यामागे उभे होतात. ही माझ्याकडे बघून हसतेय. तुमच्याकडे नाही."

हसतेय? वाफेत तोंड निम्मं हरवलेलं, मला कधी हसू दिसलं नव्हतं. समीक्षकांनाही नाही. त्यांनी तर 'श्रमाची मूक वेदना' वगैरे लिहून ठेवलंय, मीही मान डोलावली होती. आता भिंगातून पाहिलं. गाल वर गेलेला आहे खरा.

"काय बोलली होती ती तेव्हा, आठवतं?"

"आठवतं."

मी वाट पाहिली. तिने सांगितलं नाही.

मग कामाचं बोलली. प्रदर्शनात सरळ लावा. अख्खी लावा, कोपरा कापू नका. बगळीचं खरं नाव पाटीवर लिहा. नाव तिने सांगितलं, दोनदा म्हणून दाखवलं, मला बरोबर लिहिता यावं म्हणून. इथे लिहीत नाही. भिंतीवर लिहिलं जाईल तेवढं पुरे.

"आणि घरातली?" मी भिंतीकडे बोट केलं. "ती बदलून देतो."

"छे छे. ती राहू दे. तिची सवय झालीय मला."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. म्हटलं, किती मोठी मैत्री असते बघ माणसांची.

"हो," ही म्हणाली. "मैत्री." आणि माझ्या ताटात न विचारता आणखी वाढलं.

२१ नोव्हेंबर

बाईंशी खडाजंगी. पोस्टर उलटं, फोटो सरळ, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत. म्हणाल्या, "आणि नाव? 'डावरी' म्हणून जग ओळखतं." मी म्हटलं, पाटीवर आता एका माणसाचं नाव आहे. "आणि हा कोपरा? चित्राचा तोल जातो, आजोबा." तो जातो, त्यांचं खरं आहे. कोपऱ्यातल्या त्या फिकट बोटांकडे नजर ओढली जाते, मग वर हाताकडे, मग पुन्हा खाली. नजर एका जागी ठरत नाही. मी म्हटलं, जाऊ दे तोल. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "फोटो तुमचा आहे." मला त्याची इतकी खात्री वाटेना. पण मान डोलावली.

प्रस्तावना आज एका बैठकीत झाली. एक पान. बाईंना फार छोटी वाटली.

३० नोव्हेंबर

आज उघडलं.

सकाळी दालनात शिड्या, तारा, झाडूवाले. आम्ही तासभर आधी पोचलो, मी आणि ही. डावरी सुनेचा हात धरून आली, नवा कोट, मफलर नाही. म्हणाली, "लोक यायच्या आधी मला एकटीला बघू द्या."

मी तिला आत नेलं. भिंतभर चादर, वाफ, मान, हात. कोपऱ्यातली बोटं आता एवढी मोठी झालेली की जवळ गेलं तर माणसाच्या उंचीची. ती चालत चालत अगदी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली, पाठ आमच्याकडे करून, समोर बघत. मी सवयीने कॅमेरा वर केला. काय उजेड होता तो!

"फोटोवाले," ती न वळता म्हणाली, "आज बाहेर थांबता का जरा?"

कॅमेरा खाली घेतला. बाहेर आलो, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. उभ्या आयुष्यात लोकांच्या दारांतून आत शिरलो, दार राखत उभं राहायची ही पहिलीच वेळ. हात कुठे ठेवायचे तेही कळेना.

पाहुणे जमायला लागले. कोणी मोठे अधिकारी घड्याळ बघू लागले. सून म्हणाली, "रोजचंच आहे हो, घरी पण बोलत बसतात." बाई तरातरा आल्या. "आजोबा, वेळ झाली. उघडा ना."

"नाही."

"अहो, सगळे थांबलेत!"

"थांबू देत."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मीही जरा चकित झालो. आतून बोलण्याचा आवाज येत होता, हळू, मधे थांबून, जसं कोणी उत्तर ऐकून घेऊन पुढे बोलावं. एकदा हसणंही ऐकू आलं.

बाईंनी कान टवकारले. "आत कोण आहे त्यांच्याबरोबर?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "एकट्याच आहेत."

"आहे," ही माझ्या शेजारून म्हणाली.

मी वळून पाहिलं. ही माझ्याकडे बघत नव्हती. तिने पदर नीट केला, पुढे आली आणि माझ्यासारखीच दाराला पाठ लावून उभी राहिली.